रक्ताच्या अहवालातील भूक

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा लेण्यांतील दानलेखांवर लिहावे असे आम्ही योजिले होते. टिपणेही काढून झाली होती. परंतु गेली काही वर्षे एक निराळाच विषय आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे आणि तो कागदावर उतरविल्याविना दुसरे काही लिहिणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटेना. विषय उपासमारीचा आहे. मात्र दुष्काळातल्या वा दारिद्र्यातल्या उपासमारीचा नव्हे. समोर भरलेले ताट असताना एखादी मुलगी अन्न नाकारू लागते, महिनोन्‌महिने नाकारते, आणि अखेर तिच्या रक्तालाही त्याची झळ पोहोचते, त्या उपासमारीचा. आम्ही वैद्य नाही. पदव्युत्तर शिक्षण इतिहासाचे आणि आयुष्य खडू-फळ्यापाशी गेलेले. जे समजले ते डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि नंतर वाचून समजले. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वैद्यकीय व्यवसायात आहेत, त्यांनी यातील अपुरेपणा सांभाळून घ्यावा.

पूर्वी आम्ही ज्या एका निवासी शाळेत अध्यापन करीत होतो, तेथील ही हकिकत. संबंधित विद्यार्थिनीच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून ती येथे देत आहोत.

मुलगी दहावीत होती. अभ्यासात पहिल्या तिघींत, शिस्तीत सर्वांच्या पुढे. वर्षावासाच्या काळात काही विद्यार्थिनी पौर्णिमेला उपोसथ धरीत. त्या दिवशी माध्यान्हानंतर भोजन करीत नसत. हिने तो नियम रोजचा केला. संध्याकाळच्या पंगतीत ती जेवायला न बसता वाढायला उभी राही. कोणाला किती भात पडला, कोणी भाकरी टाकली, याकडे तिचे बारीक लक्ष असे. वृत्तपत्राच्या पुरवणीतील पाककृती कापून तिने एक वही भरली होती. आम्ही तिची सेवावृत्ती वाखाणली. वर्षावासाच्या समारोपाला तिच्या शीलपालनाबद्दल तिचा सत्कार झाला आणि ग्रंथ व प्रमाणपत्र आमच्याच हातून दिले गेले. तेव्हा तिचे वजन 45 किलोवरून 36 वर आलेले होते. गणवेश सैल झाला होता, थंडी नसताना ती स्वेटर घालत होती, हे आम्ही पाहत होतो. पण पाहणे आणि ध्यानात येणे यांत अंतर असते.

पुढे ती प्रार्थनेच्या वेळी दोनदा भोवळ येऊन पडली. ‘अंगात रक्त नाही’ हे निदान आपल्याकडे प्रत्येक जिभेवर तयार असते आणि ते अगदीच निराधार नसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. शाळेतून आठवड्याला दिली जाणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते. अधीक्षिकाबाईंनी गोळी रोज सुरू केली. कोणी बीट आणले, कोणी गूळ-शेंगदाणे. गोळ्यांनी तिचे पोट तेवढे जड झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 12.4 निघाले. म्हणजे रक्त ठीक! सर्वांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. त्यानंतर तीन आठवड्यांत वजन 31 किलोवर आले आणि एका पहाटे ती अंथरुणातून उठेना, तेव्हा तिला शहरातील रुग्णालयात न्यावे लागले.

तेथे सलाईन चढविल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन 9.2. तिच्या वडिलांचा समज असा झाला, की रुग्णालयातच काहीतरी चुकले. आदल्या दिवशी बरे असलेले रक्त एका रात्रीत कोठे गेले? तेथील तरुण डॉक्टरांनी त्यांना फार सोप्या रीतीने समजावले. आमटी आटली, की तिखट लागते. पाणी घातले, की खरे तिखट किती होते ते कळते. अन्नपाणी तोडलेल्या शरीरात रक्तातील पाण्याचा अंशही आटतो आणि उरलेल्या थोड्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण फसवे, चांगले दिसते. आरोग्य केंद्रातील आकडा खोटा नव्हता. तो आटलेल्या रक्ताचा आकडा होता.

पण खरा धक्का पुढच्या ओळींत होता. पांढऱ्या पेशी 2,300. त्या किमान 4,000 तरी हव्यात. रक्तबिंबिका, ज्यांना आता सगळे प्लेटलेट म्हणतात, त्या 88,000. त्या दीड लाखाच्या वर हव्यात. तांबड्या, पांढऱ्या आणि बिंबिका, तिन्ही एकदम घटल्या म्हणजे रक्त जेथे तयार होते त्या अस्थिमज्जेतच बिघाड असणार. कर्करोगाचा संशय उच्चारला गेला. तिच्या आईने तो शब्द ऐकला आणि ती मावशीच्या खांद्यावर कोसळली. कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासणीस पाठविली गेली. ते चार दिवस आम्ही रुग्णालयाच्या व्हरांड्यात कसे काढले, ते लिहिणार नाही.

मज्जेच्या अहवालात कर्करोग नव्हता. त्यात जे होते, ते आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. मटणाची नळी फोडून त्यातील मगज खाल्लेल्यांना मज्जा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ती स्निग्ध असते, कारण तिच्यात चरबीच्या पेशी असतात आणि त्यांच्या आधाराने रक्तपेशी घडविणाऱ्या पेशी नांदतात. दीर्घ उपासमारीत शरीर कातडीखालची चरबी जाळते, स्नायू जाळते. मज्जेतली चरबी मात्र प्रारंभी कमी न होता उलट वाढते, हे आधुनिक तपासण्यांतून दिसलेले एक मोठे कोडे आहे. उपासमार पराकोटीला गेली, की तीही उरत नाही. चरबीच्या पेशी आक्रसतात, रक्त घडविणाऱ्या पेशी विरळ होतात आणि त्या मोकळ्या जागेत खळीसारखा बुळबुळीत पदार्थ साचतो. मुलीच्या मज्जेत तो पदार्थ साचलेला होता. रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी अहवाल मिटून ठेवला आणि वडिलांना विचारले, “मुलगी जेवते काय?” रुग्णालयात आल्यापासून हा प्रश्न प्रथमच विचारला जात होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर वर्षभरात आम्हीही तो विचारला नव्हता.

विकाराचे नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. मराठीत त्याला क्षुधानाश म्हणतात, पण तो शब्द दिशाभूल करतो. भूक नष्ट झालेली नसते. निदान पुष्कळ काळ नसते. ती दाबलेली असते. वजन वाढण्याची पराकाष्ठेची भीती आणि स्वत:च्या देहाविषयी विपरीत दृष्टी ही त्याची लक्षणे ग्रंथांत दिलेली असतात. परंतु भारतातील मनोविकारतज्ज्ञांनी अशाही मुली पाहिल्या आहेत, की ज्या जाड होण्याची भीती कधीच बोलून दाखवीत नाहीत. त्या म्हणतात पोट दुखते, घशाखाली उतरत नाही, इच्छा नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने पोटाच्याच तपासण्या चालतात. मुलगेही या विकारातून सुटलेले नाहीत. मानसिक विकारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आहे, अशा थोड्या विकारांत याची गणना होते, हे कळल्यावर आम्हांला त्या सत्काराच्या प्रमाणपत्राची आठवण झाली.

निळ्या गोळीने गुण का आला नाही, याचे उत्तरही येथेच आहे. सर्वसाधारण रक्तक्षयात लोह कमी पडते आणि तेथे ही गोळी हवीच. आमचे लिखाण वाचून कोणी ती बंद करू नये. या मुलीची पाळी मात्र सात महिने बंद होती. देहाने खर्चाची ती बाजूच मिटवून टाकली होती. दरमहा जाणारे लोह वाचत होते. शिवाय तांबड्या पेशी कमी झाल्याने त्यांतले लोह साठ्यात जमा होत होते. तिचे फेरिटिन, म्हणजे लोहसाठ्याचे माप, सामान्यापेक्षा किंचित वरच होते. विटांचा ढीग अंगणात पडलेला आणि गवंडीच कामावर नाहीत, अशी ती स्थिती होती. पाळी बंद पडणे हे पूर्वी या विकाराच्या निदानाची आवश्यक अट मानले जाई. 2013 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून ती अट काढली गेली. पण आईने किंवा शिक्षिकेने विचारण्याजोगा तो पहिला प्रश्न आहेच, आणि निवासी शाळेत तो पुरुष शिक्षकांकडून विचारला जात नाही, ही आमची अडचणही खरी.

पांढऱ्या पेशींविषयी एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. त्या इतक्या कमी असूनही अशा रुग्णांना वाटते तितके संसर्ग होत नाहीत. पण जेव्हा होतात, तेव्हा ताप चढत नाही. देहाचे तापमान मुळातच खालावलेले असते आणि ताप आणण्याचीही शक्ती उरलेली नसते. आमच्या मुलीची नाडी मिनिटाला 42 होती, हात बर्फासारखे होते आणि दंडावर लहान बाळासारखी मऊ लव उगवली होती. ‘ताप नाही ना, मग काळजी नाही’ हे आपले घरगुती वचन अशा वेळी घातक ठरू शकते. आणखी एक खूण डॉक्टरांनी दाखविली: रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, ज्याला ईएसआर म्हणतात, तो या विकारात कमी असतो. तिचा 3 होता. तो जास्त असता, तर डॉक्टरांनी क्षयाचा किंवा अन्य रोगाचा शोध घेतला असता.

आता आमच्या विषयाकडे, इतिहासाकडे वळू. हा विकार आजच्या चित्रपटांनी आणि मोबाइलने आणला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खरे नाही. 1689 साली लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी क्षयरोगावरील आपल्या ग्रंथात एका अठरा वर्षांच्या मुलीचे वर्णन केले आहे. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता; ती केवळ झिजत गेली, औषधांना कंटाळली आणि मरण पावली. 1873 मध्ये पॅरिसचे लासेग आणि लंडनचे विल्यम गल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या विकारावर लिहिले. आजचे नाव गल यांनी दिले. गल हे मालवाहू नौका चालविणाऱ्या एका सामान्य माणसाचे पुत्र. ते राजघराण्याचे वैद्य झाले, ही त्यांची स्वतंत्र कथा आहे. त्यांनी मंद नाडी, थंड देह या खुणा नोंदविल्या, रुग्णांची आजारातली आणि बरे झाल्यावरची चित्रे छापली, आणि उपचार म्हणून ठरावीक वेळाने अन्न व ऊब सांगितली. अशा रुग्णाची शुश्रूषा करण्यास नातेवाईक फारसे योग्य नसतात, असेही त्यांचे मत होते. हे मत आम्हांला आधी कठोर वाटले. नंतर रुग्णालयात जे पाहिले, त्यामुळे ते तितके कठोर वाटेनासे झाले. पण आज डॉक्टर आईवडिलांना उपचारातून वगळत नाहीत, उलट किशोरवयीन मुलांच्या बाबतीत त्यांनाच शिकवून उपचारात घेतात, आणि आमच्या मते हीच अधिक माणुसकीची रीत आहे.

गल यांना मज्जेत काय घडते ते पाहण्याचे साधन नव्हते. उपासमारीत रक्ताचे काय होते, याचा अत्यंत कसोशीने केलेला अभ्यास पुढे जेथे झाला, ते स्थळ प्रत्येक इतिहास शिक्षकाने वर्गात सांगावे असे आहे. नाझींनी वॉर्सा शहरातील ज्यूंना 1940 च्या नोव्हेंबरात भिंतीआड कोंडले. चार लाखांहून अधिक माणसे साडेतीन चौरस किलोमीटरांच्याही आत. ठरवून दिलेला शिधा इतका तुटपुंजा, की चोरून अन्न आत आले नसते तर काही महिन्यांत सर्वच मेले असते. तेथील ज्यू डॉक्टरांनी, डॉ. इस्रायल मिलेकोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली, 1942 च्या फेब्रुवारीत ठरविले, की आपल्याला अन्न देता येत नाही, औषध देता येत नाही. पण भूक देहाचे काय करते ते नोंदवून ठेवता येईल. ते स्वत:ही उपाशी होते. उपाशी माणसे उपाशी माणसांचे रक्त तपासत होती. हृदय, डोळे, चयापचय यांबरोबर रक्त आणि अस्थिमज्जा यांचाही त्यांनी अभ्यास केला. 22 जुलै 1942 रोजी ट्रेब्लिंका मृत्युछावणीकडे रवानगी सुरू झाली आणि काम थांबले. हस्तलिखित भिंतीबाहेर एका पोलिश प्राध्यापकांच्या हाती पोहोचविले गेले आणि युद्धानंतर, 1946 मध्ये, प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर जिवंत नव्हते. स्वत: मिलेकोव्स्की 1943 मध्येच गेले होते.

ज्यांना माणूस म्हणून मोजायचेच नाही असे सत्तेने ठरविले, त्यांनी स्वत:ला मोजून ठेवले. आम्ही हा धडा शिकवितो तेव्हा वर्ग अगदी शांत होतो. आपल्या मुलांना भिंत म्हणजे काय ते वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1944 च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर प्रयोग आरंभला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते. युद्धानंतर उपाशी युरोपला कसे जेवू घालावे, हे कळावे म्हणून त्यांनी स्वेच्छेने उपासमार पत्करली. चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न मिळाले. वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले, हिमोग्लोबिन घटले, नाडी मंदावली, ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. पण आम्हांला त्यातील निराळ्याच नोंदींनी अस्वस्थ केले. ते तरुण दिवसरात्र अन्नाविषयी बोलू लागले. पाकशास्त्राची पुस्तके वाचू लागले, पाककृती जमवू लागले. ताट चाटू लागले. घासघास तासभर पुरवून खाऊ लागले. त्यांना आधी असा कोणताही विकार नव्हता. म्हणजे आमच्या मुलीची ती पाककृतींची वही, ते वाढायला उभे राहणे, दुसऱ्याच्या ताटावरची नजर, हे सेवाभावाचे वा विक्षिप्तपणाचे लक्षण नव्हते. भुकेल्या मेंदूचे होते. तिला हटवादी म्हणणारे आम्ही चुकत होतो आणि तिला शीलवान म्हणणारेही आम्हीच चुकत होतो.

निदान झाल्यावर नातेवाईक सरसावले. आजीने पुरणपोळ्या आणल्या, मामाने मटणाचा रस्सा आणला. मुलगी जेवत नव्हती हाच रोग असेल, तर जेवू घालणे हेच औषध, यात चुकले कोठे? डॉक्टरांनी डबे परत पाठविले. यावरून वॉर्डात मोठे वादळ झाले आणि मध्यस्थी करावयाची पाळी आमच्यावर आली. डॉक्टरांनी आम्हांस जे सांगितले ते असे. दीर्घकाळ उपाशी देहात एकदम पिष्टमय व गोड अन्न गेले, की इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते. फॉस्फेट हे देहाच्या ऊर्जेचे चलन आहे. रक्तातले फॉस्फेट धोक्याच्या पातळीखाली गेले, की हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात, आणि तांबड्या पेशीसुद्धा ऊर्जेअभावी फुटू लागतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी कैदेतून सुटलेले काही उपाशी कैदी पोटभर अन्न मिळू लागल्यावर आजारी पडले, काही दगावले. त्या अनुभवांतून वैद्यकशास्त्र हे शिकले. भुकेने न मेलेला माणूस घासाने मरू शकतो, हे आजीला पटेना. “आमच्या काळी दुष्काळातली माणसं अशीच जेवून जगली, सर,” ती म्हणाली. सर्वच जगली नसतील, हे आम्ही तिला त्या क्षणी सांगितले नाही.

तिला आधी जीवनसत्त्व ब-1 दिले गेले, मग थोडे थोडे अन्न, रोज रक्त तपासून वाढविलेले. चौथ्या दिवशी फॉस्फेट उतरलेच. ते शिरेतून द्यावे लागले. पहिल्या दोन आठवड्यांत वजन फारसे वाढले नाही. पांढऱ्या पेशी मात्र तिसऱ्या आठवड्यात वर येऊ लागल्या, पाठोपाठ बिंबिका. रक्त देण्याची वेळ आली नाही. अन्न मिळू लागले, की मज्जेतला तो खळीसारखा पदार्थ हटतो आणि पेशी पुन्हा घडू लागतात, असे रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी आरंभीच सांगितले होते. पण अहवालाच्या कागदावर ते घडताना पाहणे वेगळे. मानसोपचार त्यानंतर दीड वर्ष चालले, आणि ते काम रक्ताच्या कामापेक्षा कितीतरी अवघड होते. गावात कोणी ‘बाहेरचे’ म्हणून भगताकडे नेण्याचा सल्ला दिला होता. तिच्या वडिलांनी, जे स्वत: पाचवी शिकलेले, त्याला दारातूनच परत पाठविले. हे येथे नोंदविले पाहिजे.

कारण काय, हे सगळेच विचारतात. या विकाराला एकच एक कारण नसते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचाही वाटा दिसून आला आहे, तेव्हा आईवडिलांना वा शाळेला आरोपी करून भागत नाही. मुलीने पुढे स्वत:हून जे सांगितले, ते मात्र आम्ही विसरू शकत नाही. आंतरशालेय स्पर्धेच्या मुक्कामी भोजनाच्या रांगेत मागच्या कोणीतरी म्हटले होते, की यांना काय, सगळे फुकटचे, खाऊन सुटताहेत. तेवढ्याने आजार झाला असे तीही म्हणत नाही. पण त्या रात्रीपासून ताटातला प्रत्येक घास कोणाच्या तरी खात्यावर लिहिला जातो आहे, असे तिला वाटू लागले होते.

आमच्या आईने 1972 च्या दुष्काळात खडी फोडली. मिलोच्या लाल भाकरीची आणि सुकडीची चव ती शेवटपर्यंत सांगत असे. आम्ही त्या वेळी तिच्या कडेवर होतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शिळेपाके मागून खावे लागले, त्यांच्या घरातली मुलगी भरले ताट सरकवते, हे आमच्या पिढीला प्रथम अपमानासारखे लागते. राग येतो. ‘आम्हांला मिळत नव्हते, तुला मिळते तर नको’, हे वाक्य तिच्या वडिलांच्या ओठांवर आले होते आणि आमच्याही. ते बोलले गेले असते तर तिच्या खात्यावर आणखी एक नोंद झाली असती.

आणि शील? उपोसथ हा एका दिवसाचा नियम आहे. त्यामागे सावधानता आहे, देहाचा द्वेष नाही. सिद्धार्थाच्या उग्र तपाचे वर्णन मज्झिमनिकायात आले आहे: मूठभर कढणावर राहिलेला देह, पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाती लागावा, केस मुळापासून गळून यावेत. सीक्री येथे सापडलेली, लाहोरच्या संग्रहालयात असलेली गांधार शैलीतील मूर्ती याच अवस्थेची आहे; तिच्या फासळ्या आणि शिरा पाहून आम्ही चित्र मिटून ठेवले होते. त्या तपाला आजच्या रोगाचे नाव देणे हा इतिहासाशी अन्याय होईल, म्हणून तसे आम्ही करीत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सिद्धार्थ उपाशी होता तोवर पाच परिव्राजक मोठ्या आदराने त्याच्याभोवती होते. त्याने हा मार्ग निष्फळ ठरवून अन्न घेतले, तेव्हा तो भ्रष्ट झाला असे समजून ते त्याला सोडून गेले. सुजातेच्या खिरीची कथा आपण दर बुद्धपौर्णिमेला सांगतो. त्या पाच जणांच्या वागणुकीकडे मात्र आमचे कधी लक्ष गेले नव्हते. वर्षावासाच्या समारोपाला प्रमाणपत्र देताना आम्ही त्यांच्याच रांगेत उभे होतो.

त्या प्रसंगानंतर आमच्या आग्रहावरून त्या वसतिगृहात काही गोष्टी बदलल्या. दर महिन्याला प्रत्येकीचे वजन नोंदले जाते, पण ते मोठ्याने वाचले जात नाही आणि त्यावरून थट्टा चालत नाही. दोन महिन्यांत तीन-चार किलो उतरले, पाळी चुकली, ऐन उन्हाळ्यात स्वेटर दिसला, जेवणानंतर कोणी रोज न्हाणीघरात जाऊन बसू लागली, तर अधीक्षिकाबाई एकांतात बोलतात आणि डॉक्टरांकडे नेताना नुसते हिमोग्लोबिन न तपासता रक्तातील सर्व पेशींची गणना, साखर आणि पोटॅशियम तपासण्याची विनंती करतात. कारण ज्या मुली जेवून मुद्दाम उलटी करतात, त्यांचे वजन कदाचित सामान्य असते, पण पोटॅशियम उतरून हृदयाला धोका होतो. अठरा वर्षांखालील मुलींनी उपोसथ पौर्णिमेपुरताच धरावा आणि तोही भन्तेजींना व अधीक्षिकाबाईंना सांगून, असे ठरले. भन्तेजींनी हे एका वाक्यात मान्य केले. ग्रंथ व प्रमाणपत्र देण्याची प्रथा आता नाही.

ती मुलगी सध्या एका महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मधल्या काळात एकदा परीक्षेच्या दिवसांत वजन पुन्हा उतरू लागले होते. त्या वेळी तिनेच फोन करून सांगितले आणि ती डॉक्टरांकडे गेली. या लेखासाठी संमती विचारली, तेव्हा तिने आपला ताजा अहवाल आम्हांला पाठविला. हिमोग्लोबिन 12.6, पांढऱ्या पेशी 5,800, बिंबिका 2 लाख 40 हजार. हाडांची घनता मात्र वयाच्या मानाने अजून कमी आहे. मज्जा भरून आली तरी भोवतालचे हाड इतक्या लवकर भरत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. पुढील तपासणी दिवाळीनंतर आहे. आमटीचा दाखला लेखात अवश्य घ्या सर, असे तिने त्या अहवालाखाली लिहिले होते.